सहा वर्षं उभी असलेली इंजेक्शनची गाडी: आधी वास, मग किल्ली

मामांची गाडी २०१९ची दिवाळी झाल्यावर खानापूरच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये लागली, ती लागलीच. मामा-मामी पुण्याला मुलाकडे गेले, मागोमाग लॉकडाऊन आलं, मग मामांचा गुडघा निघाला. २०००चं मॉडेल, पेट्रोल, चार सिलिंडर, चार इंजेक्टर, अंगावर ओरखडा नाही. २०२५च्या गणपतीत मामा आले, नवी बॅटरी घातली आणि वीस-पंचवीस वेळा सेल मारला. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली.

नेमक्या त्याच आठवड्यांत मोबाईलवर ई-२०च्या, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या, बातम्यांचा पूर आला होता. घरात निकाल लागून मोकळा: “पेट्रोलमध्ये उसाची दारू घातली, गाडी गेली.” मामांनी सांगून ठेवलं होतं म्हणून मी बेळगावहून एका ओळखीच्या मेस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. मामांकडे बघून म्हणाले, “कशाला सेल मारूलालासा? टाकीचं झाकण काढून वास घ्या की आधी.”

घेतला. पेट्रोलचा वास नव्हताच. नुकतंच पॉलिश केलेल्या कपाटाचा असतो तसला उग्र, आंबूस दर्प होता. आमच्या भागात अशा किती तरी गाड्या शेडमध्ये, वाड्यात, ताडपत्रीखाली आहेत. त्या परत सुरू करताना लोक नेमकं उलट्या बाजूनं सुरुवात करतात, म्हणून हे सगळं जरा मुळापासून लिहितो. माझं काम बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात हायड्रॉलिक पंप तपासायचं, त्यामुळे दाब आणि कचरा या दोन गोष्टींशी रोजची ओळख आहे.

कार्बोरेटर माफ करतो, इंजेक्शन करत नाही

इंजिनाला पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात लागते. वजनानं साधारण १ भाग पेट्रोल, १४.७ भाग हवा. जुन्या गाड्यांत हे मिश्रण कार्बोरेटर करायचा. आत ओढली जाणारी हवा वाटेत पेट्रोल खेचून घ्यायची, बस. घरच्या आजीसारखं: मूठभर, चिमूटभर, आणि आमटी जमायची.

इंजेक्शनच्या गाडीत तराजू घेऊन बसलेला आचारी आहे. तो म्हणजे ईसीयू, गाडीचा छोटा संगणक. इंजिन किती गरम आहे, हवा किती येतेय, पाय किती दाबलाय, हे तो सेन्सरकडून विचारतो आणि त्यानुसार इंजेक्टर उघडतो. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी बारीक तोटी. गाडी जागेवर चालू असताना ती एका वेळी साधारण २ ते ३ मिलिसेकंद उघडते, आणि असं सेकंदाला सहा-सात वेळा करते. एमपीएफआयमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची तोटी असते, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ.

इतक्या कमी वेळात पेट्रोल धुक्यासारखं उडायचं तर दाब हवा. टायरमध्ये आपण ३० ते ३३ पीएसआय हवा भरतो. अशा बऱ्याच गाड्यांत इंजेक्टरमागं ३ बार, म्हणजे ४३ पीएसआयच्या आसपास दाब असतो. तो टाकीतच बुडवलेली विजेची मोटर तयार करते. तिला फ्युएल पंप म्हणतात. रस्त्यावरच्या पंपाशी गोंधळ नको म्हणून मी मोटरच म्हणतो. टाकीतली मोटर, मग फिल्टर, मग इंजेक्टर ज्याच्यावर बसतात तो नळीसारखा रेल आणि जास्तीचं पेट्रोल टाकीत परत सोडणारा रेग्युलेटर. एवढीच वाट आहे.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन काही कालचं नाही. १९६७मध्ये फोक्सवॅगनच्या १६०० मॉडेलवर बॉशनं ते बसवलं होतं. आपल्याकडे ते सर्रास झालं २०००च्या आसपास. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं, त्याच वर्षी धुराचे नियम कडक झाले, आणि कार्बोरेटरला ते झेपेना. म्हणजे आज ज्यांना हौशी लोक ‘क्लासिक’ म्हणायला लागलेत, त्यांतल्या पंचवीस वर्षांच्या गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या आहेत, आणि शेडमध्ये उभ्या राहायला सर्वांत नालायकही त्याच.

उभ्या पेट्रोलचं काय होतं

देवघरातली समई महिनाभर न घासता ठेवा. तळाशी उरलेलं तेल आधी घट्ट होतं, मग चिकट, मग नखानंच खरवडावं लागतं. पेट्रोलचं तसंच. पेट्रोल हा एक पदार्थ नाही, शेकडो हायड्रोकार्बनचं ते मिश्रण आहे. त्यातले हलके घटक आधी उडून जातात. गार इंजिन पेट घेतं ते याच हलक्या घटकांवर. उरलेल्यांतले काही हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून चिकट डिंक तयार करतात. काही महिन्यांतच पेट्रोल उतरायला लागतं. सहा वर्षांनी जे उरतं त्याला पेट्रोल म्हणणं हा त्या शब्दाचा अपमान आहे.

आता दुसरं, पाणी. इथेनॉल पाण्याशी सहज मिसळतं, पेट्रोल मिसळत नाही. इथेनॉल घातलेल्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी विरघळून राहतं, कुणाला कळतही नाही. १० टक्के इथेनॉल असेल तर साधारण अर्धा टक्का पाणी ते सांभाळतं. ४० लिटरच्या टाकीत २०० मिली, एक फुलपात्र. त्याच्या वर गेलं, किंवा थंडी पडली, की ताकाची निवळ वेगळी व्हावी तसं इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं. टाकीतली मोटर पेट्रोल ओढते तीही तळातूनच.

नुसत्या दमट हवेतून एवढं पाणी यायला फार वेळ लागतो. खरं पाणी शिरतं ते झाकणाच्या कडक पडलेल्या रबरातून. जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको.

मामांच्या टाकीतून आम्ही सात-आठ लिटर काढलं. रंग कोऱ्या चहाचा. थोडं काचेच्या बरणीत घालून, झाकण लावून, शेडच्या बाहेर सावलीत ठेवलं. तासाभरानं बघतो तर तळाशी बोटभर गढूळ थर, आणि त्याच्याही खाली तांबूस गाळ: गंजाची पूड. मामा बराच वेळ बरणीकडे बघत होते. मग म्हणाले, “आणि हे मी वीस वेळा इंजिनात ढकललं होय?”

होय. म्हणूनच सेल मारायचा नसतो.

‘पण हे ई-२०मुळेच ना?’

मामांच्या गाडीपुरतं उत्तर सोपं आहे: नाही. ते पेट्रोल २०१९चं होतं. तेव्हा देशात सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास इथेनॉल मिसळलं जात होतं. ई-२०ची विक्री सुरू झाली फेब्रुवारी २०२३मध्ये. जे पेट्रोल टाकीत कधी शिरलंच नाही, त्याच्यावर आळ घेण्यात अर्थ नाही.

तरी ई-२०बद्दलची काळजी अगदीच पोकळ नाही. त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकाच भांड्यात शिजवतात. एक, मायलेज. सारख्या मापाच्या पेट्रोलपेक्षा इथेनॉलमध्ये साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून २० टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत हिशेबानं सहा-सात टक्के ऊर्जा कमी. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असलेली इंजेक्शनची गाडी इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडून ते भरून काढते, अर्थात तुमच्याच पेट्रोलच्या पैशानं. दुसरा प्रश्न रबराचा. पंचवीस वर्षांपूर्वीच्या नळ्या, सील, ओ-रिंग २० टक्के इथेनॉल डोळ्यासमोर ठेवून केलेल्या नाहीत. त्या फुगतात, चिरतात. आणि ४३ पीएसआय दाबाखाली गरम इंजिनावर चिरलेली नळी म्हणजे आग.

आमच्या जिल्ह्यात हा विषय काढला की वातावरण लगेच तापतं, कारण इथेनॉल म्हणजे ऊस, आणि ऊस म्हणजे अर्ध्या घरांचं बिल. एकाच ओट्यावर एक भाऊ इथेनॉलनं कारखाने तरले म्हणतो, दुसरा आपल्या मोटारसायकलचं रडगाणं गातो. दोघांचंही खरं असू शकतं. शेडमधली गाडी सुरू करायला मात्र त्या वादाचा काही उपयोग नाही.

पहिला दिवस टाकीचा

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी उघड्यावर ढकला. बंद शेडमध्ये पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते आणि तिला ठिणगी पुरते. जवळ आग विझवायचा सिलिंडर हवा, बिडी ओढणारा शेजारी नको. मग टाकी पूर्ण रिकामी करायची. अर्धवट नाही. इंजेक्शनच्या गाडीत बऱ्याचदा मागच्या सीटखाली झाकण असतं, तिथून मोटर बाहेर काढता येते आणि टाकीच्या पोटात टॉर्चचा उजेड टाकून बघता येतं. गंज असेल तर टाकी उतरवून धुवावी लागते. त्याला पर्याय नाही.

“त्यात दहा लिटर नवीन पेट्रोल ओतलं तर चालणार नाही का?” हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. दोन-तीन महिन्यांचं असेल तर चालेल. वर्षानुवर्षांच्या डिंकात नवीन पेट्रोल घातलं की तो सुटून पुढं सरकतो: आधी मोटरच्या जाळीत, मग फिल्टरमध्ये, मग इंजेक्टरमध्ये. तळातलं पाणी तर तसंच राहतं. काढलेलं पेट्रोल गटारीत ओतू नका, विहिरी आहेत आजूबाजूला. आणि पुतण्याच्या दुचाकीतही घालू नका.

फिल्टर नवीन. रबरी नळ्या सगळ्या नवीन, आणि इथं एक गोष्ट जपून: कार्बोरेटरच्या गाडीची नळी दिसायला तशीच असते, स्वस्तही असते, पण ती इतका दाब सोसायला केलेली नाही. इंजेक्शनच्या नळीवर आर९ असं छापलेलं असतं. दुकानदार “सगळं एकच की” म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. क्लिपही पेचाच्या, कड न कापणाऱ्या.

इंजिन सहा वर्षं फिरलेलं नसेल, तर स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल घालून, पान्यानं हातानं दोन फेरे फिरवून घ्यायचे. टायमिंग बेल्ट असेल तर तो वयानंच संपलेला असतो, किलोमीटर बघू नका. ब्रेक, टायर, ऑइल, कूलंट यांवर वेगळा लेख होईल, इथं सोडतो.

वीज आधी की पेट्रोल?

टाकी साफ, नवीन पेट्रोल पाच लिटर. आता किल्ली ‘ऑन’ करायची, सेल नाही. मागच्या सीटवर एकानं कान देऊन बसायचं. दोनेक सेकंद ‘घूंऽऽ’ असा आवाज येऊन थांबला पाहिजे. ही मोटर रेलमध्ये दाब भरते. आवाज नाही, तर क्रमानं बघा: फ्यूज, मग रिले (मोटरला वीज जोडणारा स्विच), मग मोटरच्या प्लगवर १२ व्होल्ट येतात का. येत असून मोटर गप्प असेल तर ती आतून डिंकानं धरली आहे. कधी कधी टाकीला खालून लाकडी दांड्यानं हलकं ठोकलं की सुटते. सुटली तरी तिच्या भरवशावर चोर्ला घाटात जायचं नाही.

मामांच्या गाडीत आवाजच नव्हता. फ्यूज ठीक, रिले ठीक. अर्धा तास गेला. शेवटी सीटखालचं कार्पेट उचललं तर तिथं भाताच्या तुसाचं छानसं घरटं, आणि त्यातून गेलेल्या तीन वायरींपैकी एकीचं नुसतं तांबं चमकत होतं, दुसरी आता पूर्ण तुटलेली (मामांनी सेल मारला तेव्हा थोडी तरी जोडलेली असणार). उंदीर. शेडमधल्या गाडीचा खरा मालक तोच असतो. वायर जोडून, पिळून नाही, डाग देऊन वर नळी चढवली, आणि ‘घूं’ ऐकू आलं. मामींनी आतून विचारलं, “झाली का सुरू?” अजून कुठची.

वीज म्हटली की अर्थिंगही आलं. इंजिनापासून बॉडीपर्यंत जाणाऱ्या पट्टीच्या बोल्टाखाली गंज बसला की सेन्सर खोटं सांगतात, ईसीयू गोंधळतो, आणि लोक ईसीयू बदलायला निघतात. एक पॉलिश पेपर आणि दहा मिनिटं, एवढंच काम. बॅटरीही मोजा: स्थिर असताना १२.६ व्होल्ट, सेल मारताना दहाच्या फार खाली जायला नको. इंजिन फिरतंय म्हणजे बॅटरी चांगली, असं नसतं. स्टार्टर कमी व्होल्टवर कण्हत फिरतो, ईसीयू मात्र तेवढ्यात झोपी जातो.

यानंतर दाब. गेज जोडा, तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा येतो का बघा. येत नसेल तर मोटर थकली आहे, फिल्टर किंवा जाळी तुंबली आहे, नाहीतर रेग्युलेटर उघडाच राहिलाय. दाब येतो पण मोटर थांबताच सरकन उतरतो, तर कुठे तरी गळतंय: मोटरचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा एखादा इंजेक्टर. रेग्युलेटरला जोडलेली बारीक हवेची नळी काढून बघा. तिच्यात पेट्रोलचा ओलावा असेल तर आतला पडदा फाटलाय. काळा धूर आणि पेट्रोलचा वास याचं हे एक सोपं कारण, पण हे फार कमी लोक बघतात.

दाब ठीक, तरी सुरू नाही? प्लगला ठिणगी आहे का बघा, आणि सेल मारताना इंजेक्टरच्या प्लगवर छोटा टेस्ट बल्ब लुकलुकतो का तेही बघा. ठिणगी आहे पण लुकलुक नाही, तर इंजेक्टरची वायरिंग. दोन्ही एकदम गायब असतील, तर दोघांना मिळून सांगणारा कुणीतरी गप्प आहे: बहुधा इंजिनाच्या फेऱ्या मोजणारा क्रँक सेन्सर, मुख्य रिले, किंवा चोरीपासून वाचवणारं इमोबिलायझर. दोन दुखण्यांना एक औषध शोधायचं ते असं.

नोझल: शेतकऱ्याला न सांगता कळतं

ज्यानं पाठीवर पंप घेऊन औषध फवारलंय त्याला इंजेक्टर समजावायची गरज नाही. नोझल साफ असेल तर धुकं पडतं. कण अडकला की धार लागते, एका बाजूला. औषध तेवढंच गेलं, पण पानाला लागलं नाही. इंजिनातही तेच: पेट्रोल गेलं, पण धार होऊन गेलं, हवेत मिसळलं नाही, म्हणून जळलं नाही. गाडी एका सिलिंडरवर मिसिंग करते.

आधी बाहेरून तपासणी. इंजिन फिरत असताना लांब पेचकसाचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला. टिक-टिक-टिक. चारपैकी एक गप्प असेल तर त्याचा प्लग काढून मल्टिमीटर लावा. या काळातल्या बऱ्याच इंजेक्टरचा रोध १२ ते १६ ओम असतो. ओम बरोबर पण टिकटिक नाही, तर सुई चिकटली आहे.

मग उतरवून अल्ट्रासोनिक मशीनवर साफ करून घ्यायचे. तिथं चार काचेच्या नळ्यांत चारही इंजेक्टर एकदम चालवून दाखवतात. ते दृश्य बघण्यासारखं असतं. आमच्या तीन नळ्या सारख्या भरत होत्या, उरलेली एक अर्ध्यावर. तिच्या टोकातून धुक्याऐवजी वाकडी सुई पडत होती, आणि बंद केल्यावरही एक थेंब लोंबत राहिला. धुतल्यानंतर चारही जवळजवळ एका रेषेत. जाळ्या आणि ओ-रिंग नवीन घालूनच परत बसवा. जुन्या ओ-रिंगवर जो पैसा वाचतो, तो बॉनेटखालच्या आगीत जातो.

“त्यापेक्षा टाकीत क्लीनरची बाटली ओतली तर?” रोज चालणाऱ्या गाडीत थोडा फरक पडू शकतो. सहा वर्षांच्या डिंकाला बाटली म्हणजे जळक्या कढईला निरम्याचे चार कण. टूथब्रश, टाचणी, पिन तर मुळीच नाही. भोक एकदा मोठं झालं की ते लहान होत नाही.

सुरू झाली, पण धड चालेना

हा टप्पा जास्त चिडवणारा. गाडी चालू होते, फेऱ्या वरखाली होतात, गार असताना काळा धूर, गरम झाली की बंद. तेव्हा ईसीयूला खोटी माहिती कुठून येते ते शोधायचं. पहिला संशय कूलंटच्या तापमान सेन्सरवर. गार असताना त्याचा रोध दोन-अडीच हजार ओम, गरम झाल्यावर काहीशे ओम. त्याची वायर तुटली की काही गाड्यांच्या ईसीयूला वाटतं, बाहेर काश्मीरच्या वरताण थंडी आहे, आणि तो पेट्रोल ओततच राहतो. पन्नास पाहुण्यांचा निरोप मिळालेला आचारी, आणि पंगतीला बसलेत चार.

दुसरा, हवेच्या चिरलेल्या नळ्या. त्यातून न मोजलेली हवा आत जाते आणि फेऱ्या नाचतात. तिसरा, जागेवर चालताना हवा सोडणारा आयडल व्हॉल्व्ह, काजळीनं अडकलेला. तो साफ होतो.

“स्कॅनर लावा ना सरळ.” लावा, पण २०००च्या गाडीत आजचा प्लग असेलच असं नाही. आपल्याकडे ओबीडी-२, म्हणजे स्कॅनरनं दोष वाचायची ठरावीक पद्धत, सक्तीची झाली २०१३मध्ये. त्या आधीच्या कित्येक गाड्या दोन टोकं जोडल्यावर इंजिनाचा दिवा लुकलुकवून आकडा सांगतात, मोजत बसावं लागतं. आणि मुख्य म्हणजे कोड सांगतो की सेन्सरचं सर्किट तुटलंय. उंदरानं खाल्लंय हे सांगत नाही. शिळं पेट्रोल तर त्याला दिसतच नाही. ईसीयू खरोखर जातात, त्यांच्या आतले जुने कपॅसिटर गळतात, पण तो शेवटचा संशयित. आमच्याकडे तोच पहिला धरला जातो, कारण डबा बदलणं सोपं आणि बिल मोठं.

‘कार्बोरेटर बसवून टाकू का?’

हा सल्ला मामांना चौघांनी दिला, त्यातले दोघे तावातावानं. करता येतं. पण मग ठिणगीची वेळही ईसीयूच ठरवत असतो, त्याचं काय? धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काय? पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी, धुराची तपासणी, सगळीकडे ‘गाडी मूळची अशी नाही’ हे निघणार. आणि क्लासिक म्हणून विकायची झाली तर किंमतच गेली. कार्बोरेटरलाही शिळं पेट्रोल चालत नाही. फक्त तो कमी दाबावर चालतो आणि अंगणात उघडून पुसता येतो. मला विचाराल तर हा आळस आहे, उपाय नाही.

परत उभी राहणार असेल तर

मामा पुण्याला परत जाणारच होते. “आठवड्यातून पाच मिनिटं चालू करायला शेजारच्या पोराला सांगतो,” म्हणाले. पाच मिनिटांत इंजिन गरमही होत नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी मात्र साचतं, आणि सेलनं घेतलेली वीज बॅटरीत परत जात नाही. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवा, नाहीतर हात लावू नका. दोन-तीन महिन्यांसाठी टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवायची. आत हवा कमी, म्हणून पाणी आणि गंज कमी. वर्षाच्या वर जाणार असेल तर टाकी रिकामी करा आणि रेलमधलं पेट्रोलही संपवा. झाकणाचं रबर दर पावसाळ्याआधी बघा. उंदरासाठी सीटखालचं कार्पेट काढूनच ठेवलेलं बरं.

चौथ्या दिवशी गाडी सुरू झाली. पहिल्या मिनिटाला पांढरा धूर, मग स्थिर ८०० फेरे. मामा स्वतः चालवत जांबोटी रोडला नेऊन आले, गुडघा विसरून. आता स्पीडोमीटरच्या काचेवर कोपऱ्यात त्यांनी एक चिठ्ठी चिकटवलीय, मामींच्या अक्षरात: पेट्रोल किती आणि कधी भरलं. शेजारचा पोरगा दर पंधरा दिवसांनी फिरवून आणतो, आणि खाली तारीख घालतो.